बारा रुपयांचा हिशेब

बँकेत खातं उघडण्याच्या अर्जात एक रकाना असतो, व्यवसायाचा. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी असे हजारो अर्ज चाळले असतील. पुढे कादंबऱ्या लिहायला लागलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, पात्रं कशी उभी करावीत याचं निम्मं शिक्षण मला त्या एका रकान्याने दिलं होतं. माणूस तिथे काय लिहितो, यावरून तो स्वतःला कोण समजतो हे कळतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला मामलेदार तिथे मामलेदारच लिहितो. घरची चाळीस एकर बागायत असलेला कारकून नोकरी लिहितो, आणि शेतावर राबराब राबणारी त्याची बायको गृहिणी लिहिते.

असाच एक रकाना वाचून मी काही वर्षांपूर्वी थबकलो होतो. तो बँकेचा अर्ज नव्हता. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचं, पुण्याहून सरकारच्या शिक्षण आयोगाला इंग्रजीत दिलेलं ते निवेदन होतं. देणाऱ्याने नाव लिहिलं होतं जोतीराव गोविंदराव फुले, आणि ओळख दिली होती व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर. पत्ता, पेठ जुना गंज. ज्या माणसाला आपण आज शिक्षणासाठी ओळखतो, ज्याने ऐन तारुण्याची नऊ-दहा वर्षं शाळा चालवण्यात घालवली, तो शिक्षणाविषयीच्या निवेदनाखाली स्वतःला शिक्षक म्हणवत नाही! मला आधी हे विचित्र वाटलं. मग निवेदन पुरतं वाचलं, आणि वाटलं की त्यांनी ओळख दिली ती बरोबरच दिली. कारण त्या निवेदनात जो माणूस बोलतो आहे तो मास्तरांचं गुणगान करणारा नाही. तो हिशेब मांडणारा आहे. खेड्यातल्या शाळेवर चांगला माणूस का टिकत नाही, आणि टिकायला हवा असेल तर त्याला दरमहा किती रुपये द्यावे लागतील, याचा हिशेब.

जोतीरावांचं चरित्र आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, म्हणून पहिला भाग झटकन सांगतो. जन्म १८२७ चा. घराणं मूळचं गोऱ्हे, पण पेशवाईत फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले झालेलं. आई लहानपणीच गेली. सगुणाबाई या मावसबहिणीने मुलाला वाढवलं. वडिलांनी शाळेत घातलं आणि लोकांच्या सांगण्यावरून काढलंही. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, तेव्हा १८४१ साली मुलगा पुन्हा शाळेत गेला. ती स्कॉटिश मिशनची शाळा. १८४७ साली शिक्षण आटोपलं, आणि दुसऱ्याच वर्षी, १८४८ साली, भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. जोतीरावांचं वय तेव्हा एकवीस, सावित्रीबाईंचं सतरा-अठरा. आपल्या घरातली या वयाची मुलं आज काय करत असतात हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

आता या कथेकडे जरा नोकरभरतीच्या बाजूने पाहू. अशी शाळा काढायची म्हणजे काय करावं लागत होतं? जागा मिळत होती. एखाद्या मोठ्या मनाच्या माणसाने वाडा दिला. पाट्या, पुस्तकं यांची जुळवाजुळव होत होती. मुलीसुद्धा हळूहळू येत होत्या. मिळत नव्हता तो शिकवणारा. मुलींना आणि महार-मांगांच्या मुलांना शिकवायचं, तेही पेशव्यांच्या पुण्यात, म्हणजे नातेवाइकांनी पंगतीतून उठवायचं, रस्त्यात लोकांनी टोमणे मारायचे, घरच्या बायकांनी शेजारणींचं ऐकून घ्यायचं. एवढं सोसून हाती पडणार किती, तर इतर शाळांतल्या पंतोजीला मिळतं त्याहून कमीच. आजच्या सरकारी भाषेत बोलायचं तर हे भरण्यास अवघड असं पद होतं.

ते पद जोतीरावांनी कसं भरलं? त्यांनी घरच्याच माणसाला तयार केलं. सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकवलं, पुढे पुण्यात मिचेलबाईंच्या अध्यापक वर्गात त्यांचं रीतसर शिक्षण झालं. सगुणाबाई होत्याच. विष्णुपंत थत्ते यांच्यासारखे ब्राह्मण मित्र उभे राहिले, हेही विसरता कामा नये. पण सावित्रीबाई काम करत होत्या त्या बिनपगारी. शेणगोळ्यांची आणि पिशवीत नेलेल्या दुसऱ्या लुगड्याची गोष्ट आपण प्रत्येक जानेवारीत मुलांना सांगतो. त्या बाईंच्या नावापुढे पगाराचा आकडा नव्हता, ही गोष्ट मात्र सांगत नाही. १८४९ साली गोविंदरावांनी या जोडप्याला घराबाहेर काढलं, तेव्हा तर हे दोघेही उत्पन्नाशिवाय होते.

पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. पुन्हा ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात शाळा सुरू झाली ती आठ मुलींवर. थोड्याच काळात पट ४८ वर गेला. सप्टेंबरात रास्ता पेठेत दुसरी, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत तिसरी. महार-मांगांच्या मुलांसाठी निराळ्या शाळा. एकेकाळी ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा जो निधी इंग्रजांनी पुढे चालवला होता, त्यातूनही या शाळांना थोडी मदत मिळाली. इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते! १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी देऊन गौरव झाला. शालजोडी चांगलीच असते, पण तिच्यावर महिन्याचं वाणसामान येत नाही. १८५४ च्या सुमारास जोतीराव मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवण्याची नोकरी करू लागले. तिथला पगार घरात यायचा आणि स्वतःच्या शाळा बिनपगारी चालायच्या.

१८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई आजारी पडून माहेरी, नायगावला गेल्या होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्या पत्रात स्वतःच्या दुखण्याबरोबर आणखी एक काळजी आहे. आपण नाही तर फातिमाबाईंवर शाळेच्या कामाचा ताण पडत असेल, ही. ज्या शाळेत एक माणूस आजारी पडला की दुसऱ्याला दुप्पट राबावं लागतं, त्या शाळेचा कारभार कोणत्या काठावर चालला असेल हे निराळं सांगायला नको. बदली शिक्षक नाही, रजा नाही, मोबदला नाही. सत्तावनच्या धामधुमीनंतर देणग्याही आटल्या. थोड्याच काळात जोतीराव या शाळांच्या कामातून बाहेर पडले. का, ते त्यांनी नंतरही कधी उकलून सांगितलं नाही. आयोगापुढच्या निवेदनातसुद्धा कारणं देण्याची गरज नाही असं म्हणून ते पुढे जातात. मुलींच्या शाळा त्यानंतर शिक्षणखात्याकडे गेल्या. महार-मांगांची एक शाळा १८८२ सालीही चालू होती, पण तिची अवस्था समाधानकारक नव्हती, ही नोंद मात्र ते करतात.

पुढची वीस-बावीस वर्षं हा माणूस काय करत होता? पुस्तकांतल्या चरित्रांत इथे सामाजिक कार्याची यादी येते, आणि ती खरीच आहे. १८६३ चं बालहत्या प्रतिबंधक गृह, १८६८ साली अस्पृश्यांना खुला केलेला घरचा हौद, १८७३ चं ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षीचा सत्यशोधक समाज. पण मला त्यांचा धंदा जास्त मोहवतो. धातूच्या ओतकामाचं साहित्य विकण्याचं दुकान त्यांनी काढलं. पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामाला माल पुरवला. कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर लावण्याचा ठेका घेतला. मांजरीला शेती केली. म्हणजे शनिवारी मजुरांची हजेरी तपासून पैसे वाटणं काय असतं, हे या समाजसुधारकाला ठाऊक होतं. कोणत्या कामावर माणूस किती मजुरीला येतो, किती कमी दिली तर सोडून जातो, आणि अवघड कामावर थोडी जास्त दिली नाही तर कसा फिरकत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आमच्या बँकेच्या धंद्यात म्हणायचे की, ज्याने कधी रोख रक्कम मोजून वाटलेली नाही त्याने कर्जावर शेरा मारू नये.

१८७६ पासून काही वर्षं ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. १८८० साली व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हा हे पैसे शिक्षणावर खर्च व्हावेत म्हणून विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. नगरपालिकेच्या त्या बैठकीत त्यांच्याकडे किती जणांनी कशा नजरेने पाहिलं असेल, याची कल्पना मी माझ्या अनेक बैठकांवरून करू शकतो.

आणि मग १८८२ चा आयोग. अध्यक्ष विल्यम हंटर. देशभरातून संस्था आणि व्यक्तींकडून निवेदनं मागवण्यात आली. जोतीरावांनी आपलं निवेदन जिथून सुरू केलं ती जागा पाहण्यासारखी आहे. सरकारचा महसूल येतो तो मुख्यतः कुणब्याच्या घामातून. पण शिक्षणावरचा सरकारी पैसा जातो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे. शेतकरी सारा भरतो, साऱ्यावर रुपयामागे एक आणा उपकर भरतो, त्यातला तिसरा हिस्सा शाळांच्या नावाने काढला जातो. तरीही मुंबई इलाख्यातल्या दहांतल्या नऊ खेड्यांत शाळेची सोय नाही, जवळजवळ दहा लाख मुलं शाळेविना आहेत, असं ते आयोगाला सांगतात. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं, ही मागणी तिथेच येते. कित्येक वर्षांनी जे मोठमोठ्या पुढाऱ्यांना पटलं ते पुण्याच्या एका ठेकेदाराने तेव्हा लिहून दिलेलं होतं.

यानंतर मास्तरांचा विषय येतो. प्राथमिक शाळांत नेमलेल्यांपैकी बहुतेक जण शिकवण्याचं शिक्षण न घेतलेले. पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. आणि बहुतेक जण ब्राह्मण, जे खेड्यातल्या मुलांपासून सोवळं पाळून दूर बसतात. इथे जोतीरावांची लेखणी तिखट होते, तशी ती १८६९ साली शिक्षणखात्यातल्या पंतोजींवर लिहिलेल्या पोवाड्यातही झाली होती. आज हे वाचताना काही वाचकांना टोचेल. टोचू द्यावं. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा आहे की, शिक्षक शक्यतो शेतकऱ्यांच्याच घरातून घडवावा, ज्याला वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला लाज वाटणार नाही, सुताराचा वाकस हातात घेता येईल, आणि जो गावात मिसळेल. थोडक्यात, जिथे माणूस टिकवायचा तिथलाच माणूस तयार करा. दुर्गम भागात डॉक्टर, शिक्षक, परिचारिका टिकत नाहीत, तेव्हा जगभरचे जाणकार आज जे उपाय सुचवतात त्यांत हा एक असतोच.

पण केवळ जवळचा माणूस घेतला की झालं, असं जोतीराव म्हणत नाहीत. पुढे आकडा येतो. शिक्षण घेतलेल्या शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी देऊ नये. मोठ्या गावांत पंधरा ते वीस द्यावेत. शिवाय त्याला गावच्या कारभारात जागा द्यावी. गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तांची नोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामं त्याच्याकडे सोपवावीत, म्हणजे त्याची मानमान्यता वाढेल. आणि ज्याची जास्त मुलं परीक्षेत उतरतील त्याला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्यावा.

हे वाचताना मी पेन्सिल हातात घेतली होती. जुनी सवय. तपासनीसाच्या नजरेने पाहिलं तर या प्रस्तावात मला दोन जागा खटकतात. एक, पगार गावाच्या आकाराबरोबर वाढतो, अडचणीबरोबर नव्हे. डोंगरातल्या पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीला बाराच, आणि बाजारपेठेच्या गावाला वीस. मोठ्या गावात काम जास्त, हे खरं. पण माणूस मिळत नाही तो वाडीला. दोन, पास झालेल्या मुलांवर भत्ता. आम्ही बँकवाले उद्दिष्टांच्या रोगाने पोळलेले लोक. ऐंशीच्या दशकातल्या कर्जमेळाव्यांत आम्ही आकडे गाठण्यासाठी म्हशी वाटल्या, आणि त्यांतल्या कित्येक म्हशी कागदावरच दूध देत होत्या. आकड्याला पैसा जोडला की माणूस आकडा तयार करतो. जोतीरावांनी हे धोके पाहिले नाहीत, असं मला वाटतं. की १८८२ सालच्या सरकारी कानाला तेवढंच ऐकू गेलं असतं, म्हणून त्यांनी तसं मांडलं, कोण जाणे.

पण या दोन खुणा केल्यावरही मूळ नोंद तशीच उरते, आणि ती मला फार मोठी वाटते. हे लिहिणारा माणूस कोण होता? ज्याने आणि ज्याच्या बायकोने ऐन उमेदीची वर्षं फुकट शिकवलं तो. त्यागाची भाषा बोलण्याचा अधिकार पुण्यात कोणाला असेल तर या दोघांना होता. आम्ही बिनपगारी राबलो, तुम्हीही राबा, देशासाठी, धर्मासाठी, गरिबांच्या लेकरांसाठी, असं ते सहज म्हणू शकले असते आणि सरकारलाही ते गोड लागलं असतं, कारण त्यात सरकारचा पैसा वाचत होता. जोतीराव तसं म्हणाले नाहीत. स्वतःचा त्याग त्यांनी दुसऱ्यासाठी मोजपट्टी म्हणून वापरला नाही. शिकवणाऱ्याचं घर चाललं पाहिजे आणि त्याला गावात मान मिळाला पाहिजे, ही गोष्ट त्यांनी रुपये आण्यांत मांडली.

याचा अर्थ मला उशिरा कळला, आणि तो कळण्यामागे एक जुनी बोच आहे. १९८८ साली माझी बदली सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात झाली. बँकेत तेव्हा बढतीसाठी ग्रामीण भागातली सेवा सक्तीची होती, म्हणजे आम्ही तिथे जायचो ते परत येण्याची तारीख मोजत. तरी गैरसोयीच्या ठिकाणचा म्हणून थोडा भत्ता आम्हाला मिळत असे, आणि पुढे सोयीची बदलीही मिळत असे. महिन्याच्या सुरुवातीला आसपासच्या पाड्यांवरचे शिक्षक पगार काढायला शाखेत येत. त्यांत एक गुरुजी होते, पाड्यावर सलग आठ-नऊ वर्षं टिकलेले. त्यांच्या आधी त्या शाळेवर कोणी वर्षभर राहिलं नव्हतं, असं लोक सांगत.

एकदा ते कर्जासाठी आले. मुलीच्या शिक्षणासाठी हवं होतं. मी पगारपत्रक घेतलं, खर्च विचारले. पाड्यावर एक खोली. तालुक्याच्या गावी दुसरी, कारण तिथे बायको आणि मुलं, मुलांच्या शाळेसाठी. दोन घरांचं भाडं, दोन चुली, दर शनिवारी जाण्या-येण्याचं भाडं. पतसंस्थेचा हप्ता आधीच कापला जात होता. सगळं वजा करून हातात पडणारी रक्कम आमच्या नियमात बसत नव्हती. तालुक्याच्या गावात नोकरी करणारे त्यांचे सोबती तेवढ्याच पगारावर, तेवढ्याच वर्षांच्या सेवेवर, त्याच नियमात आरामात बसत होते. म्हणजे पगार समान होता, पण पाड्यावर तो कमी होता. हे गणित माझ्या टेबलावर माझ्याच अक्षरात मांडलेलं होतं. मी त्याच्याखाली नामंजूर असा शेरा मारला, अर्ज परत केला आणि चहा मागवला. गुरुजींनी चहा घेतला, अर्जाची घडी केली आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून उठले. सहा महिन्यांनी माझ्या बदलीचा हुकूम आला. त्यांच्या बदलीसाठी मात्र कोणी खटपट करणारं नव्हतं आणि त्यांना स्वतःला ती नकोही होती. पुढे ते निवृत्त झाल्यावर ती शाळा किती महिने शिक्षकाविना राहिली, हे ऐकून मी फोन ठेवला होता एवढं आठवतं.

निवेदनाचं काय झालं? आयोगाच्या मुंबई इलाख्याच्या पुराव्यांच्या जाडजूड खंडात ते १८८४ साली छापलं गेलं. आयोगाने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे सोपवण्याची शिफारस केली. सक्ती मान्य झाली नाही. सक्तीचं शिक्षण सर्व राज्यभर आणलं ते १९०६ साली बडोद्यात सयाजीरावांनी आणि १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी. गुरुजींकडे टपालाचं काम देण्याची जोतीरावांची सूचना मात्र निराळ्या वाटेने खरी झाली. माझ्या लहानपणी कित्येक खेड्यांत शाळेचे मास्तरच टपालमास्तर असत. शाळेच्या पेटीतच तिकिटं आणि शिक्का. पत्र आलं की वर्गातल्या मुलाबरोबर घरी पोचतं व्हायचं. त्यापुढे मास्तरांची जादा कामं वाढत गेली. खानेसुमारी आली, निवडणुका आल्या, पटाच्या आणि पोषण आहाराच्या नोंदी आल्या. जोतीरावांच्या कल्पनेत जादा कामाबरोबर उत्पन्न आणि मान येणार होता. आपण काम तेवढं ठेवलं.

पगाराच्या बाजूने पाहायचं तर महाराष्ट्राने काहीच केलं नाही असंही नाही. २००२ साली शासनाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना वरच्या पदाची वेतनश्रेणी आणि पगाराच्या पंधरा टक्के प्रोत्साहन भत्ता देण्याचा निर्णय घेतला. अवघड जागेला जास्त मोल, हे तत्त्व त्यात मान्य झालं. पण त्याच निर्णयात भत्त्याला महिना दीड हजारांची कमाल मर्यादा होती. टक्केवारी लिहायची आणि वर झाकण ठेवायचं, ही हिशेबी माणसांची युक्ती मी चांगली ओळखतो, कारण तशी झाकणं मीही तयार केली आहेत. त्याच सुमारास, २००० साली, शिक्षणसेवक नावाची योजना आली. नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं महिना तीन हजारांच्या मानधनावर. २०२३ साली ते सोळा हजार झालं. मधल्या वर्षांत पाड्यावर रुजू झालेल्या किती पोरांनी दोन चुली कशा चालवल्या असतील, ते त्यांच्या घरच्यांना माहीत. पदाच्या नावात सेवक हा शब्द घातला की पगाराचा प्रश्न विचारायला माणूस कचरतो. जोतीराव कचरले नव्हते.

आयोगाच्या पुढच्या वर्षी, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. ‘सत्यशोधक’ म्हणून त्यांच्याबरोबर वाढलेले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांसाठी लढत होते. गिरण्यांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली त्यात लोखंड्यांचा मोठा वाटा आहे. ही पुरवणी आपण रविवारी सकाळी निवांत वाचत बसतो, तेव्हा आठवण ठेवायला हरकत नाही.

पदवी मिळाली त्याच वर्षी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. मग त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढलं. ते छापून आलं तेव्हा ते नव्हते. धंदा बसला होता, औषधपाण्याचा खर्च होता, दत्तक मुलगा यशवंत शिकत होता. पगारी नोकरी कधी नीट केली नाही, म्हणून निवृत्तीवेतनाचा प्रश्नच नव्हता. १८९० च्या जुलैमध्ये मामा परमानंद या जुन्या सुधारक स्नेह्याने बडोद्याला सयाजीरावांना पत्र लिहिलं. मुलींना शिकवायला कोणी तयार नव्हतं तेव्हा या नवरा-बायकोने काय केलं, ते सांगून मदत मागितली. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं धरायला सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या. बडोद्याचे हजार रुपये आले ते त्यानंतर, आणि ते त्यांच्या हाती पडले. १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्या गेल्या, तोवर त्यांना पहिल्या शाळेत उभं राहून एकोणपन्नास वर्षं होत आली होती.